नीरेकाठची माळराने आणि वाड्यातला जाणता

बारामती आणि इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगरांनी पाऊस अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्यात येतात आणि वर्षाकाठी जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसावर येथे दाट अरण्याऐवजी गवताळ माळ पसरला. या माळाची हंगामी पाहणी आज वनखात्याचे व अभ्यासकांचे काम मानली जाते. परंतु हे काम येथे फार आधीपासून करत आला तो धनगरांचा वाडा, म्हणजेच मेंढ्या, घोडी व कुत्री घेऊन एकत्र चालणाऱ्या काही कुटुंबांचा फिरता तळ.

दिवाळीनंतर माळावरचे गवत-पाणी आटू लागले की वाडे पश्चिमेकडे निघत, त्यांतले काही घाट उतरून कोकणात जात आणि तिथली ओल मेंढ्यांना मानवत नसल्याने पावसाच्या तोंडावर परतत. पुढचा मुक्काम ठरवणारा जाणता माणूस कळपाच्या आधी जाऊन रान पाहून येई. कुसळी गवत कोवळे आहे की त्याने कुसळे धरली आहेत, हे त्याला बघावेच लागे, कारण ती टोकदार कुसळे लोकरीत अडकतात आणि हळूहळू कातडीत रुतून जखमा करतात. पाणवठ्यात पाणी किती उरले, लांडग्याचा वावर कुठे आहे, कोणत्या शिवारातली ज्वारी निघाली, याचा अंदाजही तोच घेई आणि लेंडीखतासाठी शेतात मेंढ्या बसवण्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे किती मिळावेत, हेही तोच बोलून ठरवी. तळ हलवणे, करडे-कोकरे सांभाळणे आणि बिऱ्हाड पुन्हा उभे करणे हा भार मात्र मुख्यतः स्त्रियांवर असे, आणि त्यांच्या या कारभाराची दखल फारच थोड्या लिखाणाने घेतली आहे.

1876-77 च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला, पुढे सहकारी साखर कारखान्याभोवती सोमेश्वरनगर वसले आणि ज्वारीनंतर मोकळी पडणारी शिवारे वर्षभर उभ्या उसाने व्यापली. त्याबरोबर दुसरा हंगामी म्होरक्या आला, तो ऊसतोड टोळीचा मुकादम. पण उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन मजूर बांधून आणणाऱ्या मुकादमाला गवताची पारख असण्याचे कारण नव्हते. उरलेला माळ सरकारी दप्तरात बहुतांशी पडीक ठरला, आणि गवताळ जमिनीवर झाडे लावणे हीच सुधारणा समजली गेली.

चिंकारासाठी 1997 मध्ये सुपे येथे सुमारे 5 चौरस किलोमीटरचे मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झाले, ही मोलाची गोष्ट आहे. तथापि राज्यातील अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर होणारी प्राणिगणना एका रात्रीचेच चित्र देते, तर वाड्यातल्या जाणत्याला साऱ्या हंगामाची चढउतार ठाऊक असते. म्हणून माळरानाच्या पाहणीसाठी पथके नेमताना वाड्यातल्या जाणत्या स्त्री-पुरुषांना वाटाडे म्हणून नव्हे, तर पथकप्रमुख म्हणून, रीतसर मानधन देऊन घेतले पाहिजे आणि त्यांची निरीक्षणे त्यांच्या नावानिशी नोंदवली पाहिजेत.