मृत्युनोंदणी व आरोग्यविषयक आकडेवारी

समाजातील जन्म, मृत्यू, आजार आणि त्यांची कारणे यांची संख्यात्मक नोंद ठेवणे, ती संकलित करणे व तीवरून अनुमाने काढणे यांस आरोग्य सांख्यिकी असे म्हणतात. तिचा इतिहास बहुधा गणिती पद्धतींच्या प्रगतीच्या अनुषंगाने सांगितला जातो. तथापि मृत्यू कोणी नोंदवावा, त्याचे कारण कोणी ठरवावे आणि संकलित आकडे लोकांपुढे केव्हा ठेवावे, हे प्रश्न गणिताइतकेच जुने असून आकड्यांची विश्वसनीयता प्रामुख्याने त्यांच्या उत्तरांवर अवलंबून राहिली आहे.

लंडन शहरात सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून प्लेगच्या साथींच्या निमित्ताने मृतांच्या साप्ताहिक याद्या तयार होऊ लागल्या व १६०३ पासून त्या नियमितपणे निघू लागल्या. प्रत्येक पॅरिशमध्ये मृत्यूचे कारण पाहण्यासाठी वृद्ध स्त्रियांची नेमणूक होत असे. त्यांना वैद्यकाचे शिक्षण नव्हते आणि मेहनतानाही अल्प होता. जॉन ग्रॉन्ट (१६२०–७४) या कापडव्यापाऱ्याने या याद्यांचा अभ्यास करून १६६२ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलींपेक्षा मुलगे थोड्या अधिक संख्येने जन्मतात, हे त्याने दाखवून दिले. लंडनची लोकसंख्या कित्येक दशलक्ष असल्याच्या समजुतीला छेद देऊन ती चार लाखांच्या आतबाहेर असावी, असे त्याने ठरविले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने आपल्या साधनांवरच अविश्वास दाखविला. उपदंशाने झालेले मृत्यू याद्यांत जवळजवळ दिसत नाहीत, कारण मद्याचा पेला व नेहमीच्या दुप्पट पैसे हाती पडले की तपासनीस स्त्रिया ‘क्षय’ असे कारण लिहून मोकळ्या होतात, हे त्याने नमूद केले. प्लेगच्या मृत्यूंचा आकडाही नोंदीपेक्षा सुमारे एक-चतुर्थांशाने अधिक असावा, असा निष्कर्ष त्याने साथीच्या वर्षातील इतर मृत्यूंच्या असाधारण वाढीवरून काढला. नोंदलेल्या कारणाऐवजी एकूण मृत्यूंकडे पाहण्याची ही रीत पुढे साडेतीनशे वर्षे उपयोगी पडली.

इंग्लंड व वेल्समध्ये १८३६ च्या कायद्यानुसार १ जुलै १८३७ पासून जन्म, मृत्यू व विवाह यांची मुलकी नोंदणी सुरू झाली. विल्यम फार (१८०७–८३) हा वैद्य १८३९ मध्ये या कार्यालयात आला व चाळीस वर्षे तेथे राहिला. त्याने रोगांचे वर्गीकरण सिद्ध केले. लंडनमधील मृत्यूंचे विवरण तर दर आठवड्याला छापून निघत असे. या प्रसिद्धीचे मोल १८५४ च्या पटकीच्या साथीत दिसून आले. पटकी दूषित पाण्यातून पसरते असे मानणाऱ्या जॉन स्नो (१८१३–५८) या डॉक्टरने नोंदणी कार्यालयाकडून मृतांचे पत्ते मिळविले आणि प्रत्येक घराला कोणत्या कंपनीचे पाणी येते याचा शोध घेतला. दक्षिण लंडनमध्ये एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ होते. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत, शहराच्या सांडपाण्याने दूषित झालेले थेम्सचे पाणी पुरविणाऱ्या साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू झाले होते. नदीच्या वरच्या अंगाचे पाणी घेणाऱ्या लँबेथ कंपनीच्या घरांत हे प्रमाण ३७ होते. फार स्वतः त्या काळी दूषित हवेच्या उपपत्तीचा पुरस्कर्ता होता. आपल्या मताविरुद्ध जाणाऱ्या संशोधकाला त्याने आकडे नाकारले नाहीत आणि १८६६ च्या साथीनंतर पाण्याची उपपत्ती त्याने स्वतःही मान्य केली. सरकारी सांख्यिकीच्या इतिहासात असे उदाहरण विरळा.

मृत्यूच्या कारणांची नावे देशोदेशी निराळी असल्यामुळे तुलना अशक्य होई. १८५३ च्या ब्रूसेल्स येथील सांख्यिकी परिषदेने एकसारख्या नामावलीचे काम फार व जिनीव्हाचा मार्क देस्पिन यांच्याकडे सोपविले. पुढे झाक बेर्तियाँ याने १८९३ मध्ये मांडलेली यादी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा पाया ठरली. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना तिची सुधारणा करीत असून अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली.

भारतात मृत्युनोंदणीची सुरुवात लष्कराच्या आरोग्याच्या चिंतेतून झाली. गोऱ्या सैनिकांच्या मृत्युमानाची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या १८६३ च्या अहवालानंतर बंगाल, मद्रास व मुंबई इलाख्यांत आरोग्य आयोग नेमण्यात आले. वऱ्हाडात १८६६ मध्ये मृत्यूंची नोंदणी सुरू झाली. अखिल भारतीय कायदा १८८६ चा, परंतु तो ऐच्छिक नोंदणीचा होता. खेड्यात मृत्यूची खबर देण्याचे काम पाटील, चौकीदार अशा गावकामगारांकडे असे. कारणांचे रकाने मोजकेच होते : पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा व इतर. यांपैकी ‘ताप’ या रकान्यात हिवताप, विषमज्वर, क्षय आणि कित्येकदा बाळंतरोगही सामावले जात. हा रकाना सर्वांत मोठा असे, यात नवल नाही.

या व्यवस्थेची कसोटी मुंबईतील प्लेगने पाहिली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगश (१८५६–१९३३) या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी रोगाचे निदान केले. ते प्रथम सर्वमान्य झाले नाही. बंदराचा व्यापार ठप्प होईल ही भीती मोठी होती. निदान मान्य झाल्यावर घरांची झडती, रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलविणे आणि घरच्यांना विलग छावणीत ठेवणे हे उपाय सुरू झाले व फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने त्यांना अधिकार दिला. ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात याच उपाययोजनेतील जुलुमाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँड याच्या वधाच्या प्रयत्नात व पुढे त्याच्या मृत्यूत झाली.

सांख्यिकीच्या दृष्टीने याचा परिणाम सरळ होता. प्लेग असे नोंदले गेले की घरावर आपत्ती येई. म्हणून रुग्ण लपविले जात व मृत्यूचे कारण ‘ताप’ किंवा छातीचा विकार असे सांगितले जाई. परंतु मुंबईत स्मशाने व दफनभूमी येथे प्रेतांची मोजदाद होत असल्याने रोगाचे नाव लपले तरी मृत्यू लपत नसे. नगरपालिकेच्या आरोग्य खात्याने म्हणूनच प्रत्येक आठवड्याच्या एकूण मृत्यूंची तुलना आधीच्या वर्षांतील त्याच आठवड्याच्या सरासरीशी केली आणि वाढीव मृत्यूंवरून प्लेगच्या खऱ्या व्याप्तीचा अंदाज बांधला. ग्रॉन्टची रीत येथे पुन्हा कामी आली. तीतही एक अडचण होतीच. १८९१ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, पण १८९७ च्या आरंभी लाखो लोक कोकणात व देशावर निघून गेले. मागे नेमके किती उरले हे कोणासच ठाऊक नसल्यामुळे दरहजारी मृत्युमान काढण्यास भाजकच उरला नव्हता, आणि गावी जाऊन मेलेल्यांची नोंद, झाली तर, त्या गावच्या ‘ताप’ या रकान्यात झाली. जबरदस्तीच्या उपायांनी रोगाबरोबरच रोगाविषयीची माहितीही दडपली जाते, हे या प्रकरणाने जितके स्पष्ट केले तितके क्वचितच अन्य कोणत्या साथीने केले असेल.

१९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत नोंद करणारेच आजारी पडले. प्रारंभीचा सरकारी अंदाज सुमारे साठ लाख मृत्यूंचा होता. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दशकभरात वाढण्याऐवजी किंचित घटल्याचे आढळले, तेव्हा हा अंदाज किती तोकडा होता हे कळून आले. नंतरच्या संशोधकांचे अंदाज सुमारे एक कोटी चाळीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत आहेत. इतक्या मोठ्या मृत्युसंख्येत साठ लाखांची तफावत राहावी, हेच त्या काळच्या नोंदणीचे मूल्यमापन होय. [⟶ जनगणना].

नोंदणी अपुरी आहे हे माहीत असता खरा आकडा कसा काढावा, या प्रश्नाला १९४९ मध्ये सी. चंद्रशेखरन व डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी उत्तर दिले. चंद्रशेखरन हे पुढे मुंबईच्या लोकसंख्या प्रशिक्षण व संशोधन केंद्राचे संचालक झाले. त्यांची पद्धत कलकत्त्याजवळील सिंगूर येथील पाहणीवर आधारलेली होती. एकाच भागातील मृत्यूंच्या परस्परांपासून स्वतंत्र अशा दोन याद्या करावयाच्या व त्या ताडून पाहावयाच्या. समजा पहिल्या यादीत ८०, दुसरीत ७५ व दोहोंत समान असे ६० मृत्यू आले, तर दुसऱ्या यादीतील पाचापैकी चार मृत्यू पहिलीने टिपले असा अर्थ होतो. म्हणून एकूण मृत्यू १०० धरावे लागतात. दोन्ही याद्यांत मिळून प्रत्यक्षात ९५ सापडलेले असतात. दोहोंतून निसटलेले पाच या गणिताने कळतात. दुहेरी नोंदीच्या याच तत्त्वावर महानिबंधक कार्यालयाची नमुना नोंदणी योजना १९६९–७० पासून देशभर राबविली गेली. जन्म व मृत्यू नोंदणी सक्तीची करणारा १९६९ चा कायदाही त्याच सुमाराचा. नमुना नोंदणीनुसार दर हजार जिवंत जन्मांमागे बालमृत्यू १९७१ मध्ये १२९ होते, ते २०२० मध्ये २८ वर आले. स्थानिक पातळीवरील सरकारी नोंदींवर मात्र आक्षेप येत राहिले. महाराष्ट्रात गडचिरोलीची ‘सर्च’ व इतर स्वयंसेवी संस्था यांनी २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाद्वारे, गावोगावी प्रत्यक्ष मोजलेले बालमृत्यू शासकीय नोंदींपेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे दाखविले.

मृत्यूच्या कारणांची बाजू आजही दुबळी आहे. २०२० मध्ये भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीय दृष्ट्या प्रमाणित झालेले होते. उरलेल्यांसाठी नमुना नोंदणीच्या भागांत घरच्यांना अखेरच्या आजाराची लक्षणे विचारून दोन डॉक्टर स्वतंत्रपणे कारण ठरवितात. या पद्धतीने २०१० मध्ये हिवतापाने सत्तर वर्षांच्या आत होणाऱ्या वार्षिक मृत्यूंचा अंदाज सुमारे २,०५,००० निघाला. जागतिक आरोग्य संघटनेचा त्यावेळचा अंदाज १५,००० होता. संघटनेने हा निष्कर्ष मान्य केला नाही. इतर तापांपासून हिवताप केवळ लक्षणांवरून वेगळा काढणे कठीण, हा तिचा आक्षेप निराधार नव्हता. सर्पदंशाच्या बाबतीत असा संभ्रम संभवत नाही, आणि तेथे २००५ या वर्षासाठी सुमारे ४६,००० मृत्यूंचा अंदाज निघाला. यांतील बहुतेक मृत्यू रुग्णालयाबाहेर झालेले असल्याने रुग्णालयांच्या नोंदींत ते येत नव्हते.

कोविड-१९ च्या साथीत जुना वाद नव्या रूपाने उभा राहिला. भारतात २०२१ अखेर कोविडचे सुमारे ४ लाख ८१ हजार मृत्यू अधिकृतपणे नोंदले गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० व २०२१ या दोन वर्षांतील वाढीव मृत्यू सुमारे ४७ लाख असावेत, असा अंदाज प्रसिद्ध केला. भारत सरकारने त्यामागील गणिती प्रतिमानावर आक्षेप घेतला. देशातील नोंदणीकृत मृत्यू २०१९ मध्ये सुमारे ७६ लाख व २०२० मध्ये ८१ लाख होते. २०२१ मध्ये ते सुमारे १ कोटी २ लाखांवर गेले. यातील काही वाढ नोंदणी सुधारल्यामुळेही असू शकते. परंतु २०२१ चा हा आकडा मे २०२५ मध्ये, म्हणजे वाद सुरू होऊन तीन वर्षे लोटल्यावर, प्रसिद्ध झाला. फारच्या कार्यालयाला आठवड्याभरात जे साधत होते त्यास संगणकाच्या युगात चार वर्षे लागावीत, याची कारणे तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाहीत.

दरम्यान आकडे मिळविण्याची साधने पार बदलली. वैद्यकीय लेखांची सूची जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये छापील रूपात सुरू केली होती. तीच अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६४ मध्ये संगणकावर आणली व १९९७ पासून ‘पबमेड’ या नावाने इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुली केली. महानिबंधकांचे अहवाल, मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या समन्वयाने १९९२–९३ पासून होत असलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्या व जागतिक संघटनेच्या सारण्या घरबसल्या पाहता येतात. तेथेही वाचकाला जुनेच प्रश्न विचारावे लागतात : आकडा प्रत्यक्ष मोजलेला की अंदाजलेला, तो कोणत्या वर्षाचा, भाजक कोणता, आणि घरी झालेला मृत्यू त्यात धरला आहे की नाही. भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्ती कायद्याने जन्ममृत्यूंचा राष्ट्रीय संगणकीय संचय निर्माण करण्याची तरतूद झाली. मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवून त्याची प्रत मृताच्या निकटच्या नातेवाइकास देणे सर्व वैद्यकीय संस्थांवर बंधनकारक करण्यात आले. घरी झालेल्या मृत्यूंच्या बाबतीत हे बंधन अखेरच्या आजारात उपचार केलेल्या वैद्यावर पडते, आणि असा वैद्य ज्यांना लाभत नाही त्यांच्या मृत्यूचे कारण पूर्वीप्रमाणेच घरच्यांच्या सांगण्यावर अवलंबून राहते.