आदेशातली शाळा

नर्मदा जलविवाद लवादाने डिसेंबर 1979मध्ये अंतिम निवाडा दिला, तेव्हा सरदार सरोवरामुळे उठणाऱ्या गावांच्या नव्या वसाहतींत काय काय हवे, याची यादीच घालून दिली: 50 कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची एक विहीर, 500 कुटुंबांमागे एक पंचायतघर आणि 100 कुटुंबांमागे तीन खोल्यांची एक प्राथमिक शाळा. महाराष्ट्रातली बुडिताची 33 गावे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, मुख्यतः भिल्ल आणि पावरा वस्तीची. 18 ऑक्टोबर 2000च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा निवाडा पाळणे बंधनकारक ठरवले. त्यामुळे तिथल्या मुलांची शाळा सरकारची मेहेरबानी राहिली नाही, हक्क झाली. मात्र या हक्काचे माप खोल्यांत होते. त्या खोल्यांत कोणत्या बोलीत शिकवायचे, याबद्दल यादीत अवाक्षर नव्हते.

उणीव नेमकी तिथेच होती. नर्मदा बचाव आंदोलनाने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत जीवनशाळा उघडल्या. गावातलेच तरुण शिक्षक झाले आणि भिलोरी, पावरीतून धडे सुरू झाले. शाळा मिळणे आणि तिथे शिकायला मिळणे यांतला फरक अमेरिकेच्या न्यायालयांनीही उशिराच ओळखला. 1954मध्ये वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरल्या, 1971मध्ये मुलांना बसने दूरच्या शाळांत नेण्याच्या आदेशावर शिक्कामोर्तब झाले. पण 1974मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात उपनगरे या उपायाबाहेर राहिली. कृष्णवर्णीय आणि गोरी मुले एकत्र आणणे अवघड झाले, तेव्हा 1977मध्ये त्याच खटल्यात वाचनाचे खास वर्ग आणि शिक्षक-प्रशिक्षण यांचा निम्मा खर्च राज्याच्या माथी मारणारा आदेश कायम झाला.

कोणी म्हणेल, ही तुलनाच गैरलागू आहे. तिथे कायद्याने मुले वेगळी ठेवली, इथे सातपुड्याने. हेतूतला फरक खराच. पण विखुरलेल्या पाड्यांवरची मुले आश्रमशाळांत एकत्र ठेवायची, हे सरकारनेच ठरवले. तेव्हा तिथल्या शिक्षणाची जबाबदारीही सरकारचीच. न्यायालयाने अभ्यासक्रम लिहू नये, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावे, असे 2009चा शिक्षणहक्क कायदाच सांगतो. न्यायालयाला नवे काही रचायचे नाही, त्याच कायद्याचा हिशेब मागायचा आहे. जिथे या मुलांना इतर मुलांबरोबर एकत्र बसवणे भूगोलामुळे अशक्य, तिथे खोल्यांबरोबर बोली जाणणारा शिक्षकही आदेशात लिहिला गेला, तरच तो उपाय मुलापर्यंत पोहोचतो.