बापानें आणिलेलें धनुष्य

बांबूची कांब वांकवून तिला सुतळी बांधावी आणि खराट्याच्या काडीचा बाण करावा, हा खेळ खेळला नाहीं असा मुलगा आमच्या पिढींत तरी विरळाच. रामलक्ष्मणांच्या कथा ऐकून मुलें हा उद्योग आपण होऊन करीत. वडील माणसें फार तर ‘डोळे सांभाळा’ एवढें बजावीत. मुलाच्या हातीं धनुष्य देणें हें बापाचें कर्तव्य आहे आणि त्यांत कसूर झाल्यास त्यास दंड होईल, असें कोणी म्हटलें असतें तर आमच्या वडिलांस ती खचित थट्टा वाटली असती. परंतु सोळाव्या शतकांत इंग्लंडांत असा कायदा खरोखरच होता. त्या कायद्याची, आणि त्याहूनहि त्या काळच्या एका बापाची, हकीकत विचार करण्याजोगी आहे.

इंग्रजांचें धनुष्य पुरुषभर उंचीचें, उत्तम असल्यास यू नांवाच्या वृक्षाच्या लांकडाचें. १३४६ सालीं क्रेसी येथें व १४१५ सालीं अजिंकूर येथें फ्रान्सच्या चिलखती सरदारांचा जो मोड झाला, त्यांत मोठा वांटा या धनुष्याचा व तें ओढणाऱ्या सामान्य लोकांचा होता. आमच्या महाभारतांत धनुर्विद्या मुख्यतः राजपुत्रांची. निषादाच्या मुलानें ती मागितली तेव्हां द्रोणाचार्यांनीं त्यास परत पाठविलें. इंग्लंडच्या राजांची गरज नेमकी उलट होती. गांवोगांवच्या प्रत्येक पोराच्या हातांत ती विद्या त्यांना हवी होती. १३६३ सालीं तिसऱ्या एडवर्डानें फर्माविलें कीं, सणासुदीच्या दिवशीं सशक्त पुरुषांनीं इतर खेळ सोडून तिरंदाजी करावी. आठव्या हेन्रीच्या १५४१ सालच्या कायद्यानें तर घराच्या उंबऱ्याआंतच पाऊल टाकिलें. ज्याच्या घरीं सात ते सतरा वर्षांचा मुलगा असेल त्यानें त्याच्यासाठीं एक धनुष्य व दोन बाण ठेवावे आणि त्यास तिरंदाजी शिकवावी. सतरा वर्षें पुरीं झालीं कीं मुलानें स्वतः एक धनुष्य व चार बाण बाळगावे. कसूर केल्यास दंड सहा शिलिंग आठ पेन्स, म्हणजे मजुराच्या कित्येक दिवसांच्या कमाईइतका. फांसे, पत्ते, टेनिस यांसारख्या खेळांवरहि सामान्य जनांपुरतें कडक निर्बंध घातले गेले.

कायदा एवढें सांगतो. परंतु सात वर्षांच्या पोरास शिकवावें कसें, हें त्यांत सांपडत नाहीं. तें सांपडतें एका धर्मोपदेशकाच्या आठवणींत. ह्यू लॅटिमर हा लेस्टरशायरमधील एका खंडकरी शेतकऱ्याचा मुलगा. पुढें तो बिशप झाला, आणि १५५५ सालीं ऑक्सफर्ड येथें आपल्या धर्ममतासाठीं जिवंत जाळला गेला. १५४९ सालीं सहावा एडवर्ड या अकरा वर्षांच्या बालराजापुढें प्रवचन करीत असतां या वृद्धास आपला बाप आठवला. बाप मला इतर गोष्टी जितक्या मेहनतीनें शिकवी तितक्याच मेहनतीनें तिरंदाजीहि शिकवी, असें त्यानें सांगितलें. दोरी नुसत्या हातांच्या बळानें ओढावयाची नाहीं, तर सर्व अंगाचा जोर धनुष्यांत घालावयाचा, ही त्या बापाची शिकवण. धनुष्य विकत आणावयाचें तें मुलाचें वय व ताकद पाहून, आणि मुलगा वाढेल तसतसें अधिक मोठें, हा त्याचा परिपाठ.

या शेवटच्या तपशिलापाशीं आम्ही नेहमीं थबकतों. कालचें धनुष्य आज मुलास हलकें होऊं लागलें काय, हें ज्याच्या ध्यानांत येईल तोच वेळेवर नवें आणील. आणि तें ध्यानांत येण्यासाठीं बापानें रोज मुलाजवळ उभें राहिलें पाहिजे. जड धनुष्य लवकर हातीं आलें तर मुलगा अंग वांकडेंतिकडें करून दोरी ओढतो आणि ती खोड मग सहजीं जात नाहीं. फार दिवस हलकेंच राहिलें तर त्याची वाढ खुंटते. यांतला बेत कोणत्याहि कलमांत बसविण्यासारखा नाहीं.

असाच एक माणूस, बाप नव्हे पण बापाच्या ठिकाणीं असलेला, रॉजर अॅस्कम यास लाभला. अॅस्कम हा पुढें राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. लहानपणीं तो सर हंफ्री विंगफील्ड या कायदेपंडिताच्या घरीं वाढला. विंगफील्ड लंडनहून येतांना मुलांसाठीं धनुष्यबाण आणी आणि खेळाच्या वेळीं स्वतः त्यांच्याबरोबर मैदानांत जाई. ज्याचा नेम उत्तम त्यास उत्तम धनुष्य, आणि ज्याचा वाईट त्याची तो सुधारेपर्यंत थट्टा! त्या मैदानांत जें मिळालें त्यास अॅस्कमनें ‘टॉक्सोफिलस’ या आपल्या १५४५ सालच्या पुस्तकांत शास्त्राचें रूप दिलें. उभें राहणें, बाण दोरीस लावणें, ओढणें, ओढून धरणें आणि सोडणें, अशीं या विद्येचीं पांच अंगें त्यानें सांगितलीं. पुस्तक राजास अर्पण केलेलें होतें. राजानें संतुष्ट होऊन त्यास सालीना दहा पौंडांची नेमणूक करून दिली.

त्याच सालच्या जुलैच्या १९ तारखेस राजाचें ‘मेरी रोज’ हें लढाऊ जहाज पोर्ट्समथजवळ बुडालें. १९८२ सालीं त्याचा सांगाडा वर काढण्यांत आला. समुद्रतळाच्या त्या उत्खननांत १३७ अखंड धनुष्यें आणि साडेतीन हजारांवर बाण मिळाले. यांतील बहुतेक धनुष्यें ओढण्यास शंभर पौंडांहून अधिक जोर लागत असावा असा अंदाज आहे. माणसांच्या अस्थिहि मिळाल्या. खांद्याच्या हाडाचें जें टोंक विशीच्या सुमारास मूळ हाडाशीं सांधलें जावयाचें, तें त्यांतील कित्येकांच्या बाबतींत सुटेंच राहिलें होतें. कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढल्याची ही खूण असावी असा संशोधकांचा तर्क आहे. लॅटिमरच्या गोड आठवणीची ही दुसरी बाजू होय. ज्या मुलांच्या हातीं त्यांच्या बापांनीं वय पाहून धनुष्यें दिलीं, त्यांच्याकडून राजास अखेर काय हवें होतें, हें या अस्थि सांगतात.

मग ही विद्या लयास गेली कशानें? लॅटिमरनें दोष दिला तो तरुणांच्या व्यसनांस. कायद्याची अंमलबजावणी कडक व्हावी अशी मागणीहि त्यानें त्याच प्रवचनांत केली. परंतु खरें उत्तर त्यानें थोड्याच आठवड्यांपूर्वीं, त्याच राजापुढील दुसऱ्या प्रवचनांत, नकळत देऊन ठेविलें होतें. आपल्या बापाच्या शेताचा खंड वर्षाला तीन-चार पौंड होता, त्यावर शंभर मेंढ्या व तीस गाई पोसत, मुलगा शाळेंत जाई आणि दारीं आलेल्या गरिबासहि कांहीं मिळे. आतां त्याच शेताचा खंड सोळा पौंडांवर गेला असून नव्या कुळास राजासाठीं, स्वतःसाठीं कीं मुलांसाठीं कांहींच करतां येत नाहीं, असें तेथें तो सांगतो. हीं दोन टोंकें त्यानें जोडलीं नाहींत. वाचकास तीं जोडल्यावांचून राहवत नाहीं. कायदा बापास ‘धनुष्य आण’ म्हणून दटावीत होता आणि जमीनदार त्याच बापाची गांठ सैल करीत होता. शिवाय बंदूक आलीच होती. तिची मारक शक्ति तर मोठी होतीच. पण ती शिकविण्यास दहा वर्षें नकोत, थोडी कवायत पुरे, आणि बापाची तर गरजच नाहीं. १५९५ सालीं राणी एलिझाबेथच्या मंत्रिमंडळानें शिक्षित पलटणींतील धनुष्यांच्या जागीं बंदुका आणण्याचा हुकूम काढला.

आज तीच विद्या खेळ म्हणून पुन्हां शिकविली जाते, आणि त्या जुन्या कायद्यानें जिचें नांवहि घेतलें नव्हतें ती मुलगीहि आतां ती शिकते. २०२३ सालीं बर्लिन येथें साताऱ्याची अदिति स्वामी सतराव्या वर्षीं जागतिक विजेती ठरली. सतरा हीच हेन्रीच्या कायद्यांत बापाची जबाबदारी संपण्याची मर्यादा होती. सुदैवानें या मुलीच्या बाणापुढें निशाण आहे, माणूस नाहीं. आम्हां पालकांच्या हातीं आज धनुष्याऐवजीं दुसरींच साधनें असतात: पुस्तकें, वाद्यें, परीक्षा. शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून तीं आणण्याची आम्हांस घाई असते. लेस्टरशायरचा तो शेतकरी दुकानांत जाण्यापूर्वीं आपल्या मुलाच्या दंडाकडे पाहत होता. तेवढें आम्हींहि करावें. आणि तें साधन अखेर कोणाच्या कामीं यावयाचें आहे, हेंहि विचारून ठेवावें.