मूकपटकालीन वाद्यवृंद, मुंबईतील

मूकपटाच्या खेळाबरोबर चित्रपटगृहात प्रत्यक्ष वादन करणारे वादकांचे संच. बोलपटापूर्वीच्या चित्रपटांना ‘मूक’ म्हटले जात असले, तरी त्यांचे खेळ सहसा निःशब्द नसत. वादनामुळे प्रक्षेपकाचा आवाज झाकला जाई, प्रसंगातील भाव उठावदार होई आणि रिळे बदलताना पडणारा खंड भरून निघे.

मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूम्येर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्याच वर्षी पुढे नॉव्हेल्टी नाट्यगृहात झालेल्या खेळांच्या जाहिरातीत सेमूर डव्ह यांच्या संचालनाखालील वाद्यसंगीताचा उल्लेख आढळतो. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाल्यानंतर देशी मूकपटांचा प्रेक्षकवर्ग वाढला आणि त्याबरोबर चित्रपटगृहांतील वादनाचे दोन प्रवाह स्पष्ट झाले.

देशी चित्रपट दाखविणाऱ्या चित्रपटगृहांत हार्मोनियम व तबला ही मुख्य वाद्ये असत. वादक पडद्याजवळ बसून दृश्य पाहत आणि भजने, नाट्यपदे व परिचित रागांच्या आधारे तिथल्या तिथे संगीत रचीत. निरक्षर प्रेक्षकांसाठी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविला जाई. हे वादन सर्वस्वी स्मरणावर व प्रसंगावधानावर अवलंबून होते.

परदेशी चित्रपटांच्या, मुख्यतः यूरोपीय व उच्चभ्रू प्रेक्षकांच्या चित्रपटगृहांत पियानो, व्हायोलिन इ. पाश्चात्त्य वाद्यांचे संच असत. त्यांत गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा भरणा मोठा होता. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले जाई. असे तरुण उपजीविकेसाठी मुंबईस येत व धोबीतलाव परिसरात आपापल्या गावांच्या ‘कुडां’त राहत. लिखित स्वरावली पाहताक्षणी वाजविता येणे, हेच त्यांचे भांडवल होते. १९२० नंतर ध्वनिमुद्रिका व छापील स्वरलिपी यांच्याद्वारे फॉक्सट्रॉटसारखे जॅझप्रभावित नृत्यसंगीत मुंबईत पोहोचले. त्याला काटेकोर अर्थाने जॅझ म्हणता येत नाही. लीअन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, तेव्हा मूकपटांचा काळ संपला होता [⟶ जॅझ].

अर्देशिर इराणी (१८८६–१९६९) यांचा आलम आरा हा भारतातील पहिला पूर्ण लांबीचा बोलपट १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यात सात गीते होती. संगीत चित्रफितीबरोबरच येऊ लागल्यावर प्रत्येक चित्रपटगृहात स्वतंत्र वादक ठेवण्याचे कारण उरले नाही. एकदाच ध्वनिमुद्रित झालेले वादन शेकडो खेळांना पुरू लागले व वादकांचा रोजगार थोड्याच वर्षांत नाहीसा झाला.

या कौशल्याला पुढे चित्रपटनिर्मितीत वाव मिळाला. संगीतकाराने गाऊन दाखविलेली चाल लिहून घेणे आणि ती अनेक वाद्यांत वाटून देणे, या कामासाठी स्वरलेखन जाणणाऱ्यांची गरज भासली. पुढील पिढीतील अँथनी गोन्साल्विस व सेबॅस्टियन डिसोझा हे गोमंतकीय संयोजक या परंपरेतील होत. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांच्या सहभागामुळे सी. रामचंद्र यांच्या अलबेला (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात जॅझचा रंग स्पष्टपणे आला.

मूकपटांच्या चित्रफितींपैकी काही तुकडे तरी जतन झाले आहेत. राजा हरिश्चंद्रचाही काही भाग उपलब्ध आहे. त्यांच्यासोबतचे वादन मात्र प्रत्येक खेळाबरोबर विरून गेले. त्यामुळे प्रेक्षकांनी हे चित्रपट ज्या स्वरूपात अनुभवले, त्याचा अर्धाच भाग शिल्लक आहे.