वळणाची किंमत

वाहन सरळ हाकणे ही फारशी मोठी विद्या नव्हे. खरी परीक्षा होते ती वळणावर. आजकाल घरोघरची मुले संगणकाच्या पडद्यावर मोटारींच्या शर्यती खेळतात, आणि शर्यत सुरू होण्यापूर्वी गाडीच्या स्प्रिंगा किती कडक असाव्यात, टायरात हवा किती असावी, मागचा पंख किती कलता ठेवावा, याचे आकडे तासन्‌तास बदलीत बसतात. वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटतो. आमचे म्हणणे असे की, या आकड्यांच्या मागे दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्यातले एक ठळक प्रकरण आपल्या जिल्ह्याच्या उंबरठ्यावरच घडले आहे.

प्रश्न मुळात साधा आहे. वळण घेताना आतल्या चाकाला थोडे अंतर कापावे लागते, बाहेरच्या चाकाला अधिक. आपल्या बैलगाडीने हा प्रश्न केव्हाच सोडविला होता. तिची दोन्ही चाके आसावर स्वतंत्र फिरतात. गाडीवान आतला बैल आवरतो, बाहेरच्याला चुचकारतो आणि गाडी जागच्या जागी वळते. चार चाकांची घोडागाडी आली तेव्हा अडचण वाढली. पुढची दोन चाके सारख्याच कोनात वळविली तर त्यांपैकी एक फरफटत जाते. म्युनिकच्या लांकेन्स्पर्गर नावाच्या कारागिराने आतले चाक थोडे अधिक वळेल अशी सांध्यांची रचना शोधली, आणि १८१८ मध्ये अ‍ॅकरमन याने लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे १८२८ मध्ये पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाने मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची जुळणी सिद्ध केली. तिलाच आज आपण डिफरन्शियल म्हणतो.

आगगाडीला मात्र यांतले काहीच लागू पडेना. तिची दोन्ही चाके आसाला घट्ट बसविलेली असतात. तेथे तोड निघाली ती चाकाच्या आकारात. चाकाची धाव सपाट न ठेवता किंचित निमुळती केली. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला सरकते, बाहेरचे चाक मोठ्या परिघावर चालते, आतले लहान परिघावर, आणि हिशेब आपोआप जुळतो. पण ही युक्ती सौम्य वळणापुरतीच पुरते.

थळ घाटात, म्हणजे आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तेथे, तिची मर्यादा दिसून आली. कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८६५ च्या आरंभी खुला केला. सुमारे पंधरा किलोमीटरांत सुमारे तीनशे मीटरांची चढण; सर्वांत कठीण जागी सदतीस फुटांत एक फूट उंची. डोंगराचा कडा असा की, गाडी एका दमात वळून वर जाईल एवढी जागाच सापडेना. तेव्हा आखणी करणाऱ्यांनी वळणाचा नाद सोडला. घाटात एक उलटे स्थानक बांधले. तेथे गाडी थांबे, इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास जोडीत, आणि गाडी उलट तोंडाने पुढचा चढ चढू लागे. वळण टळले, त्याची किंमत वेळात मोजावी लागली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास नवी आखणी होऊन हे स्थानक नाहीसे झाले.

पुढे १९३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली. स्वित्झर्लंडमधील विंटरथुरच्या कारखान्याने आखलेले मालगाडीचे इंजिन आपल्या रेल्वेच्या माणसांत ‘खेकडा’ या नावाने ओळखले जाई. त्याचे अंग सांध्यांनी जोडलेले होते. लांबलचक ताठ सांगाडा वळणावर रुळांशी झगडतो. सांध्यांचा सांगाडा वळणाप्रमाणे लवतो. कित्येक दशके घाटात राबून ही इंजिने निवृत्त झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात त्यांतले एक पाहावयास मिळते.

याच लोहमार्गावर आणखी एक धडा आहे. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच बसवितात, म्हणजे वेगाने येणारी गाडी बाहेर फेकली जाऊ नये. पण किती उंच? वेगवान गाडीसाठी तो फार उंच केला, तर संथ मालगाडीचा सारा भार आतल्या रुळावर पडून तो रूळ लवकर झिजतो. म्हणजे एकाच वळणावर सर्वांना सारखी सोय करून देता येत नाही. अभियंता तडजोड करतो. शर्यतीच्या मोटारीची सारी जुळवाजुळव याच तडजोडीचा विस्तार आहे.

मोटार वळते तेव्हा तिचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. येथे टायरचा एक स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. त्याच्यावरचा भार दुप्पट केला, तरी त्याची पकड दुप्पट होत नाही. थोडी उणीच पडते. म्हणून भार दोन चाकांत जितका सारखा वाटला जाईल तितकी त्या जोडीची एकूण पकड अधिक. गाडीला कलू न देणारा जो आडवा दांडा असतो, तो पुढे कडक केला की पुढच्या बाहेरच्या चाकावर भार एकवटतो आणि पुढची पकड आधी सुटते. चालक सुकाणू वळवितो, पण गाडीचे नाक सरळच जाऊ पाहते. मागे कडक केला तर शेपूट बाहेर फेकले जाते. रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेल्या मॉरिस ऑली याने या दोन वृत्तींचा पद्धतशीर अभ्यास केला. पहिलीला अंडरस्टीअर व दुसरीला ओव्हरस्टीअर म्हणतात. १९६६ मध्ये जिम हॉलच्या चॅपरल मोटारीने उंच खांबांवर पंख मिरविला. विमानाचा पंख वर उचलतो, हा गाडीला खाली दाबतो. वळणावर पकड वाढली, पण तो पंख सपाटून उभा ठेवावा तर सरळ रस्त्यावर वारा अडवितो.

हीच विद्या पडद्यावर उतरली. १९८४ मध्ये जेफ क्रॅमंडच्या ‘रेव्ह्‌ज’ या खेळात खेळणाऱ्याला पुढचे-मागचे पंख बदलता येऊ लागले. १९८९ च्या ‘इंडियानापोलिस ५००’ मध्ये टायर, धक्के शोषणारे दांडे, इतकेच काय, उजवे मागचे चाक डाव्याहून किंचित मोठे ठेवण्याचीही सोय होती. त्या मैदानावर सारी वळणे डावीकडची. म्हणून बाहेरचे चाक मोठे. रेल्वेच्या निमुळत्या चाकाची ही भावंडच नव्हे काय? १९९७ मध्ये जपानच्या ‘ग्रॅन टुरिझ्मो’ने ही जुळवाजुळव घराघरांत नेली. त्या खेळातून निवडलेल्या लुकास ओर्दोन्येझ या स्पॅनिश तरुणाने २०११ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या खऱ्या शर्यतीत आपल्या वर्गात सहकाऱ्यांसह दुसरा क्रमांक मिळविला. पडद्यावरची विद्या रस्त्यावर टिकते, याला याहून वेगळा पुरावा नको.

तथापि दुसऱ्याने सिद्ध केलेले आकडे जसेच्या तसे उतरवून घेणाऱ्याला ही विद्या येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, वळणाच्या आरंभी बिघडते की मध्यावर की सुटताना हे पाहावे, आणि मिळाले काय व गमावले काय याचा ताळा मांडावा. पडद्यावर चुकीची किंमत चार क्षणांची असते. कसाऱ्याच्या घाटातल्या रस्त्यावर तीच चूक माणसाच्या जिवावर बेतते, कारण टायर, भार आणि वेग यांचे नियम दोन्हीकडे एकच आहेत. जो मुलगा पडद्यावर हे नीट शिकला, तो घाटात गाडी सावकाश हाकील, अशी आम्हांस आशा वाटते. वळण कोणालाच फुकट मिळत नाही. शहाण्याने ती किंमत कोठे द्यावयाची, हे वळणापूर्वीच ठरवावे.