एआय चॅट-साहाय्यक, व्यावसायिक

कंपन्या, बँका, वकिलांची कार्यालये यांना गोपनीय मजकुरावर काम करता यावे म्हणून करार करून पुरवली जाणारी संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेची सेवा. चॅटजीपीटी एंटरप्राइझ (ऑगस्ट २०२३), मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट (नोव्हेंबर २०२३), क्लॉड एंटरप्राइझ (सप्टेंबर २०२४) आणि गूगल वर्कस्पेसमधील जेमिनी या त्यांतील ठळक सेवा.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले आणि कर्मचारी खासगी खात्यांतून कचेरीची कामे उरकू लागले. सॅमसंगच्या सेमीकंडक्टर विभागातील अभियंत्यांनी चुका शोधण्यासाठी सोर्स कोड त्यात पेस्ट केल्याच्या बातम्या एप्रिल २०२३ मध्ये आल्या. मे महिन्यात कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. भारताच्या अर्थ मंत्रालयानेही २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाद्वारे कार्यालयीन संगणकांवर ही साधने वापरण्यास मनाई केली. मात्र बंदी घातली की माणसे मोबाइलवरून तेच करतात, त्यामुळे करारबद्ध सेवांना मागणी आली.

तुलना करताना मॉडेलच्या हुशारीपेक्षा कराराचा कागद महत्त्वाचा. एकाच कंपनीच्या वैयक्तिक खात्यातील संभाषणे, सेटिंग बंद न केल्यास, मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाऊ शकतात. व्यावसायिक खात्यातील मजकूर एरवी वापरला जात नाही. न्यूयॉर्क टाइम्सने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयवर भरलेल्या खटल्यात मे २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्या कंपनीला पुसलेली संभाषणेही जपून ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा एंटरप्राइझ ग्राहक त्यातून वगळले गेले. मजकूर किती दिवस ठेवणार, कोणत्या देशात ठेवणार, हे लेखी मागावे. आयएसओ २७००१ आणि सॉक २ हे माहिती-सुरक्षेचे दाखले सगळेच मोठे पुरवठादार दाखवतात; निवडीच्या वेळी त्यांचा फारसा उपयोग नाही.

खरी गळती बऱ्याचदा घरातूनच होते. कोपायलट कर्मचाऱ्याला ज्या फाइली उघडता येतात त्या सगळ्या चाळतो. पगाराचा तक्ता कोणी चुकून सर्वांसाठी खुला ठेवला असेल, तर पूर्वी तो कोणाला सापडत नसे. आता साधा प्रश्न विचारला की आकडे समोर येतात. म्हणून आधी फोल्डरांच्या परवानग्या तपासाव्यात.

जून २०२५ मध्ये जाहीर झालेली ‘इकोलीक’ ही त्रुटी याहून बेरकी होती. बाहेरून आलेल्या ईमेलमध्ये साहाय्यकासाठी सूचना दडवलेल्या असत. कर्मचाऱ्याने काहीही क्लिक न करता कोपायलटकडून माहिती बाहेर जाऊ शकत होती. मायक्रोसॉफ्टने ती दुरुस्त केली, पण छुप्या सूचनांचा धोका अशा सर्वच साहाय्यकांना आहे.

मेटाच्या लामासारखे मॉडेल स्वतःच्या सर्व्हरवर चालवणे हा आणखी एक पर्याय. मजकूर बाहेर जात नाही. यंत्रे आणि ती सांभाळणारी माणसे मात्र स्वतःची लागतात.

पुरवठादार कोणताही असो, भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार ग्राहकांच्या वैयक्तिक माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या कंपनीवरच राहते. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.