भिंगाचं कूळ

बेडकाचं भ्रूण जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं असतं. त्याच्या पाठीवरची मेंदूची पट्टी अजून मिटलेली नसते, तेव्हाच पुढे डोळा कुठे होणार ती जागा हेरायची आणि तापवलेल्या बारीक सुईने तेवढीच जाळायची. जर्मनीतल्या व्यूर्त्सबुर्गमध्ये हान्स श्पेमान हा उद्योग करत होते. १९०१ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की जाळलेल्या बाजूला डोळ्याचा पेला झाला नाहीच, पण भिंगही झालं नाही. पेला मेंदूतून फुटतो, भिंग मात्र वरच्या कातडीचं होतं, आणि ती कातडी तर शाबूत होती. म्हणजे पेल्याकडून कातडीला काहीतरी सांगावा जात असणार.

१९०४ मध्ये अमेरिकेत वॉरेन लुइस यांनी उलटा डाव टाकला. डोळ्याचा कोवळा पेला उचलून भलत्याच ठिकाणच्या कातडीखाली बसवला, आणि तिथेही भिंग उगवलं. प्रश्न मिटल्यासारखा वाटला, पण बेडूक एकाच जातीचे नसतात. युरोपातल्या हिरव्या बेडकात पेला काढून टाकला तरी भिंग होतं, हे पुढे खुद्द श्पेमानच दाखवून बसले. या घोळातून त्यांची सुटका झाली नाही. त्यांना १९३५ चं नोबेल मिळालं ते भ्रूणातल्या दुसऱ्याच एका शोधासाठी.

घोळ सुटायला १९८८ उजाडलं. व्हर्जिनियातल्या रॉबर्ट ग्रेंजर यांच्या गटाने पेशींना खूण करून लुइस यांचा प्रयोग पुन्हा केला. परक्या जागी उगवलेलं भिंग बऱ्याचदा तिथल्या कातडीचं नव्हतंच. पेला उचलताना त्याला चिकटून आलेल्या मूळच्या पेशींचं ते होतं. कातडीचा कल भिंगाकडे फार आधीच झुकू लागतो, शेजारच्या ऊतींमुळे. पेला शेवटी येऊन ते काम पुरं करतो. ऐंशी वर्षं पाठ्यपुस्तकांत छापला गेलेला प्रयोग चिकटून आलेल्या चार पेशींनी अडचणीत आणला, ही गोष्ट मला तरी त्या पुस्तकांतल्या कुठल्याही आकृतीपेक्षा जास्त शिकवून गेली.

हे सगळं जनुकांचं नावही न घेता चाललं होतं. जनुकांकडून येणारी वाट निराळी होती. १९१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टी. एच. मॉर्गन यांच्या फळमाश्यांत मिल्ड्रेड होग यांना डोळे नसलेल्या माश्या सापडल्या. त्या दोषाचं नाव ‘आयलेस’ पडलं. पुढे कित्येक वर्षांनी बारीक डोळ्यांचे उंदीर नोंदले गेले, त्यांना ‘स्मॉल आय’ म्हणू लागले. माणसांत ज्यांच्या बुबुळात रंगीत पडदा जवळजवळ नसतोच आणि ज्यांना पुढे अनेकदा मोतीबिंदूही होतो, अशी कुटुंबं डॉक्टरांना आधीपासून माहीत होती. १९९१ मध्ये उंदीर आणि माणूस एकाच जागी येऊन भेटले. दोघांतलं बिघडलेलं जनुक एकच निघालं, पॅक्स-६. १९९४ मध्ये बाझेलमधल्या वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेने माशीचं आयलेसही त्याच कुळातलं असल्याचं दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी हे जनुक माशीच्या पायात, पंखात, स्पर्शिकेत मुद्दाम चालू केलं. पायावर डोळा आला. लाल, पैलूदार, चांगला घडलेला डोळा. उंदराचं जनुक घातलं तरीही आला, पण आला तो माशीचाच.

वर्तमानपत्रांना हा डोळा फार आवडला. ‘सर्वाधिकारी जनुक’ ही पदवी तेव्हाची. मला ती जरा जास्तच वाटते. पॅक्स-६ मेंदूतही काम करतं, नाकातही, स्वादुपिंडातही. दोन्ही प्रती बिघडलेल्या उंदराच्या पिल्लाला डोळेही नसतात आणि नाकही नसतं, आणि ते जन्मताच दगावतं. एकट्याच्या हुकमाने भिंग होत असतं, तर स्वादुपिंडातही झालं असतं.

श्पेमान यांच्या प्रश्नाला जनुकाच्या भाषेतलं उत्तर २००० मध्ये आलं. रूथ आशेरी-पादान आणि पीटर ग्रूस यांच्या गटाने उंदरात पॅक्स-६ फक्त वरच्या कातडीतून काढून टाकलं, पेल्यात तसंच ठेवलं. पेला जागेवर येऊन कातडीला भिडला, पण भिंग झालं नाही. म्हणजे सांगावा आला तरी ऐकणाऱ्याकडे पॅक्स-६ हवंच. आणखी गंमत म्हणजे भिंग नाही म्हटल्यावर पेलाही बिथरला आणि एकाच डोळ्यात दृष्टिपटलाच्या अनेक घड्या तयार झाल्या. सूचना एकाच बाजूने जात नव्हत्या तर.

पॅक्स-६ प्रत्यक्ष करतं काय, हे ओसाकात हिसातो कोंदोह यांच्या गटाने कोंबडीच्या भ्रूणात पाहिलं. भिंगातल्या डेल्टा क्रिस्टलिन या प्रथिनाच्या जनुकाच्या आतच डीएनएचा एक छोटा तुकडा असतो. पॅक्स-६ त्याला एकटं नीट धरत नाही. शेजारी सॉक्स-२ येऊन बसलं, की दोघं मिळून घट्ट धरतात आणि जनुक चालू होतं. हे सॉक्स-२ तर भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या पेशींतलं, जुनं आणि अनेक घरी राबणारं जनुक.

इथे भिंगाच्या कुळाची खरी मेख कळते. भिंगाचं म्हणून स्वतःचं असं त्यात फार थोडं आहे. क्रिस्टलिनच घ्या. १९८७-८८ मध्ये ग्रेअम विस्टो आणि त्यांचे सहकारी बदकाच्या भिंगातलं एक क्रिस्टलिन तपासत होते. ते निघालं लॅक्टेट डिहायड्रोजनेज, पेशीच्या ऊर्जेच्या व्यवहारातलं रोजचं विकर. त्याच्यासारखं नव्हे, तेच. एकाच जनुकाचं प्रथिन हृदयात विकर म्हणून राबतं आणि भिंगात दाटीवाटीने भरून प्रकाश वाकवतं. कोंबडीचं डेल्टा क्रिस्टलिन हे यकृतातल्या युरिया-चक्राच्या विकराचं भावंड. उत्क्रांतीने नवा माल घडवण्याऐवजी घरातलाच टिकाऊ, पाण्यात सहज मिसळणारा माल भिंगात ओतला, एवढाच हिशेब.

पेशीला मात्र या उसनवारीची जबर किंमत मोजावी लागते. भिंगाच्या पुढच्या बाजूला पेशींचा एकपदरी थर असतो. त्याच्या कडेला पेशी विभागतात, सरकतात आणि मग लांबू लागतात, माणसात जवळजवळ सेंटिमीटरभर. लांबायची खूण डोळ्याच्या आतून येते. १९६३ मध्ये जेन आणि आल्फ्रेड कुलोम्ब्र यांनी कोंबडीच्या पाच दिवसांच्या भ्रूणात भिंग उलटं करून बसवलं, तर पुढचा थर आता मागे येऊन मुकाट्याने लांबू लागला. ती खूण म्हणजे एफजीएफ नावाचं प्रथिन, हे सिडनीत मॅकअव्हॉय आणि चेंबरलेन यांनी १९८९ मध्ये दाखवलं. ते थोडं असलं की पेशी विभागतात, वाढलं की सरकतात, भरपूर झालं की तंतू होतात.

तंतू झालेली पेशी मग आपलं केंद्रकच मोडीत काढते, कारण केंद्रक राहिलं तर प्रकाश विखुरतो. शिगेकाझू नागाता यांच्या गटाने २००३ मध्ये डीएनए तोडणारं भिंगातलं एक विकर उंदरांतून काढलं, तेव्हा केंद्रकाचा कचरा तसाच पडून राहिला आणि उंदरांना मोतीबिंदू झाला. केंद्रक गेलं की नवं प्रथिन बनवायची सोय संपते. भिंगाच्या गाभ्यातली आपली प्रथिनं जन्माच्या आगेमागे भरलेली असतात, ती आयुष्यभर पुरवायची.

ती पुरतात कशी? १९८२ मध्ये इंगोलिया आणि क्रेग यांना दिसलं, की माशीची छोटी उष्माघात-प्रथिनं आणि आपलं अल्फा क्रिस्टलिन एकाच वंशाची आहेत. उन्हाने, तापाने विस्कटणाऱ्या प्रथिनांना सांभाळणं हा या वंशाचा मूळ धंदा. भिंगातलं अल्फा क्रिस्टलिनही तेच करतं, शेजारची सैल झालेली प्रथिनं धरून ठेवतं. हे १९९२ मध्ये जोसेफ होर्विट्झ यांनी दाखवलं, आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत चि. मोहन राव यांच्या गटाने तापमान वाढलं की ही ताकद कशी वाढते ते तपासलं. अल्फा क्रिस्टलिनमधला अल्फा-बी हा घटक तर हृदयात आणि हातापायांच्या स्नायूंतही असतो. म्हणूनच १९९८ मध्ये एका फ्रेंच कुटुंबात या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं सापडलं, तेव्हा त्या घरातल्या माणसांना मोतीबिंदू होता आणि स्नायूंचा दुबळेपणाही.